उजेडाच्या आधीची जागा

आमच्या गायन पार्टीत गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. गाणी वहीत लिहिलेली असतात, त्यामुळे वही हरवली की गाणीही जातात. किस्से कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून ते दर रविवारी परत येतात, आणि येताना थोडे जाडे होऊन येतात! मी फारशी बोलत नाही. त्यामुळे माझ्या वाटणीचे किस्से घडी न मोडलेल्या कपड्यांसारखे तसेच पडून आहेत. हे यंदाचे, मशीनचे.

आधी माणसं सांगते. दर रविवारी दुपारी चारला अंबरनाथ पूर्वेला, आमच्या घरामागच्या विहाराच्या हॉलमध्ये पार्टी जमते. सुनंदा मावशी गाते आणि पेटी वाजवते. ती राहते उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. एमआयडीसीत ती माझ्या आईबरोबर पॅकिंगला आहे, म्हणून माझी मावशी. ढोलकीला भास्कर काका. ते शाळेत शिपाई होते आणि अजूनही घंटा द्यायची असल्यासारखं घड्याळ बघतात. कोरसला प्रमिला काकू आणि बदलापूरजवळच्या शिरगावच्या दोघी जावा. जावा घरी एकमेकींशी बोलत नाहीत, इथे मात्र एका माइकवर गातात. मी नववीत आहे. माझं काम वायरी गुंडाळायचं. कुणी काही विचारलं तर मी मानेनं "हो" किंवा "नाही" म्हणते. तेवढ्यावर माझं भागतं.

यंदा मावशीच्या स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. छोटं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही. पुढचं पुढे बघू." अडीच महिन्यांवर शिरगावच्या नव्या अभ्यासिकेचं उद्घाटन होतं आणि त्यासाठी मावशीनं स्वतः गाणं लिहिलं होतं. तिची आई काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होती, तिच्यावर.

माझ्या मायच्या हातात काडी-काडीचा उजेड
तिच्या उजेडात आम्हा लागे अक्षरांचं वेड

हे गाणं मावशीनंच म्हणायचं होतं. तिचा आवाज तोपर्यंत परत येईल का, हे डॉक्टरही सांगत नव्हते. पण कोरसची आणि ढोलकीची प्रॅक्टिस तर थांबवता येत नव्हती. तेव्हा मी आईला सांगितलं (खरं तर चिठ्ठी लिहून दिली!) की गाणारं एक सॉफ्टवेअर असतं.

*

सॉफ्टवेअर फुकट होतं, पण त्यात मराठी आवाज नव्हता. आवाज आपणच भरायचा. एकेक अक्षर एका सुरात म्हणून रेकॉर्ड करायचं: का, की, कू, मा, मी, मू... मग कॉम्प्युटर ती अक्षरं जोडून, वर-खाली ओढून गाणं म्हणतो. एक अक्षर एकदाच म्हणायचं. गाण्यात ते शंभर वेळा आलं तरी तेच वापरलं जातं.

मी गोधड्यांच्या कपाटात बसून, दार लावून घेऊन, माझाच आवाज भरला. आईला सांगितलं, आवाज नेटवर मिळाला. तिनं पार्टीला तसंच सांगितलं. माझा आवाज आहे म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं.

पहिल्या रविवारी दादाच्या जुन्या लॅपटॉपवर गाणं लावलं. मी "मा" म्हणत होते तेव्हा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली होती, हे मला कपाटात कळलंच नव्हतं! आणि गाणं सुरूच होतं "माझ्या मायच्या"नं. दोन "मा", दोन शिट्ट्या!

प्रमिला काकू सवयीनं उठून उभ्या राहिल्या. "गॅस कुणी चालू ठेवलाय?"

भास्कर काका मान डोलवत म्हणाले, "बरी आहे की! बाई प्रेक्षकांसकट गाते."

मग सगळे आवाजाला नावं ठेवू लागले. थोरली जाऊ म्हणाली, "नाकातून गाते." धाकटी म्हणाली, "सर्दी झालीय तिला." त्या दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं. मी खाली बघून वायर गुंडाळत होते. गुंडाळून झाली, मग सोडवली आणि परत गुंडाळली.

मावशीजवळ लहान मुलांची ती बटण दाबलं की पुसली जाणारी पाटी असायची. निघताना तिनं मला खांबामागे बोलावलं, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि फक्त मला दाखवलं.

"तूरडाळ होती की मसूर?"

*

पुढच्या आठवड्यात आई कामावर गेल्यावर मी "मा" परत रेकॉर्ड केला. अगदी स्वच्छ. रविवारी गाणं लागलं आणि भास्कर काकांचा हात हवेतच राहिला.

"शिट्टी कुठे गेली?"

मी हातानं खूण केली, काढली.

"काढली? अगं, मी त्या शिट्टीवर पहिली थाप घेत होतो!"

शिट्टी परत घातली.

*

हॉलमधला स्पीकर लहान पडत होता, म्हणून मी आणि मावशी कॅम्प एकमध्येच लछू अंकलच्या साउंडच्या दुकानात गेलो. एकीला बोलायला बंदी, दुसरीला बोलायचा संकोच! दुकानात आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या उभ्या होतो. बाहेर पाऊस होता, अंकलना वाटलं, आम्ही आडोशाला थांबलोय.

शेवटी मावशीनं पाटीवर लिहिलं, "मोठा स्पीकर हवा. गाण्यासाठी."

अंकलनी वाचलं, तिच्या हातातून पाटी घेतली, पुसली आणि त्यावर हिंदीत लिहून उत्तर दिलं. मावशीनं परत लिहिलं. अंकलनी परत लिहिलं. मागे गिऱ्हाइकं जमली. शेवटी मलाच बोलावं लागलं. मी हळूच म्हणाले, "अंकल, उनको सुनाई देता है."

"मालूम है, बेटा," अंकल म्हणाले. "पर वो अकेली क्यों लिखे?"

मग त्यांनी स्पीकर दाखवायला म्हणून आमचंच गाणं लावलं. डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या कडव्यात त्यांनी एकदम बटण दाबून गाणं थांबवलं.

"क्या हुआ, अंकल?"

"रुको. मॅडम ने कब से सांस नहीं ली."

बोटांवर तीनपर्यंत मोजलं, आणि गाणं पुन्हा सुरू केलं.

*

अंकल म्हणाले ते खरं होतं. मशीनला श्वास लागत नाही. दोन ओळी, चार ओळी, ते गातच राहतं. आणि रोज तेच ऐकून आमच्या कोरसनंही श्वास घेणं सोडलं होतं! ती बाई एका दमात दोन ओळी म्हणते, मग आपण का नाही, असं प्रमिला काकूंनी मनावर घेतलं होतं. एका रविवारी त्या लालबुंद होऊन सतरंजीवर बसल्याच.

"हिची छाती आहे का पाण्याची टाकी!"

मग मी कपाटात बसून माझा एक श्वास रेकॉर्ड केला आणि प्रत्येक ओळीच्या आधी लावला. हेडफोनवर ठीक वाटला होता. हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर असं वाटलं की कुणीतरी चार मजले चढून आलंय आणि तरीही गातंय.

"हिला वाफ द्या गं कुणीतरी," थोरली जाऊ म्हणाली.

"पाण्यात ओवा टाका," धाकटी म्हणाली. दुसऱ्यांदा एकमत!

मी श्वासाचा आवाज कमी केला. इतका कमी, की कानाला कळू नये. पण पुढच्या रविवारी बघितलं तर तिघीही बरोबर तिथेच श्वास घेत होत्या, जिथे मी घेतला होता. त्यांना माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी घरी जाताना मी पायऱ्या दोन-दोन उतरले.

*

एक छोटा किस्सा डासांचा. "आ" लांबवायचा असला की सॉफ्टवेअर त्याच "आ"चा एक तुकडा पुन्हा पुन्हा जोडतं. त्यामुळे लांब सुरात बारीक गुणगुण येते. भास्कर काका प्रत्येक आलापाला स्वतःच्या कानाजवळ टाळी मारायचे. "विहारात डास फार झालेत." पुढच्या रविवारी ते कॉइल घेऊन आले. धुरानं सगळे खोकले, मावशीला बाहेर नेऊन बसवलं. त्याच दिवशी मी आलापाचा सूर तोडून आखूड केलेला होता.

गाणं संपलं. काका कान देऊन बसले. मग समाधानानं म्हणाले, "बघा! एका कॉइलमध्ये गेले."

*

आमच्या पार्टीत कुणी मात्रा मोजून वाजवत नाही. गाणारी ओळ उचलायच्या आधी ढोलकीकडे बघते आणि भुवई वर करते. भुवई खाली आली की थाप. मावशीची डावी भुवई. वीस वर्षं काका त्या भुवईवर वाजवतायत.

मशीन कुणाकडे बघत नाही. काका कधी आधी यायचे, कधी नंतर. एका रविवारी ते चिडले. "हिला सांग, गाताना माझ्याकडे बघ म्हणावं! मी काय लॅपटॉपच्या झाकणाकडे बघून वाजवू?" आणि ढोलकीला गवसणी घालायला लागले.

मावशी पेटीमागून उठली. लॅपटॉपच्या शेजारी जाऊन, काकांच्या समोर बसली. मला खूण केली, लाव. ओळ यायच्या क्षणी तिनं भुवई वर केली. ओठ बंद. भुवई खाली आली, आणि थाप बरोबर जागेवर पडली.

तेव्हापासून प्रत्येक रविवारी तसंच. आवाज मशीनचा, भुवई मावशीची.

त्या दिवशी चप्पल घालताना काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "सुनंदा, आज छान गायलीस."

*

गाण्यात "उजेड" शब्दाचा "जे" खूप वर जातो. सॉफ्टवेअरला ते झेपत नव्हतं. "उ" आणि "जे" जुळतच नव्हते. मध्ये पापणी मिटण्याएवढी फट राहायची, गाणाऱ्यानं आवंढा गिळावा तशी. उ... जेड. दर वेळी तिथे मावशीची भुवई वरच थांबायची, आणि "जे"बरोबर खाली यायची.

ती फट मला चपलेत गेलेल्या खड्यासारखी टोचायची. कार्यक्रमाला दोन आठवडे उरले होते. मी अभ्यास बाजूला ठेवून तीन दिवस खटपट केली आणि फट बुजवली. आता मशीन सरळ "उजेड" म्हणत होतं.

रविवारी लावलं. मशीन म्हणालं, "उजेड." कोरस म्हणाला, "उ... जेड."

परत लावलं. परत तसंच.

प्रमिला काकूंनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "आज मशीन चुकतंय बघ!"

दोन महिने त्यांनी माझी चूक पाठ केली होती, ढोलकीसकट! काकांच्या लक्षात आलं तेव्हा ते म्हणाले, "आज राहू दे. पुढच्या रविवारी बसून ही फट काढून टाकू. एकदम सरळ." मला सतरंजीखाली जावंसं वाटत होतं.

*

त्याच आठवड्यात मावशीनं मला घरी बोलावलं. डॉक्टरांनी महिन्याचे दोन महिने केले होते, आणि आता कुठे तिला दिवसातून पंधरा मिनिटं आवाज वापरायला परवानगी दिली होती. तिच्या खोलीच्या खाली जीन्स शिवायचा कारखाना आहे. तिथल्या शिलाई मशिनींच्या घरघरीत वर कुणी गायलं तरी बाहेर ऐकू जात नाही.

दार लावून ती गायली. आवाज पूर्वीपेक्षा लहान झाला होता, थोडा खरखरीत, पण तिचाच होता. "काडी-काडीचा उ" म्हणाली आणि आवाज गेला. नुसती हवा. मग "जेड" आला.

तिनं तीनदा म्हणून बघितलं. तिन्ही वेळा तिथेच गेला.

पंधरा मिनिटांतली बरीच शिल्लक होती, तरी तिनं पाटी घेतली. "इथेच जातो." पुसलं. "कुणाला सांगू नकोस. प्रमिला म्हणेल गाणं."

मी लछू अंकलसारखी तिच्या हातातून पाटी घेतली आणि पुसली. पाटी आता कोरी होती, तरी मी पुसायचं बटण आणखी एकदा दाबलं आणि परत दिली.

रविवारी काका बाह्या वर करून बसले. "चला. आज ती फट काढायची. प्रमिला, सरळ म्हण."

"नको," मी म्हणाले.

सगळे वळून बघायला लागले. वायर माझ्या हातातच होती.

"ती जागा तशीच राहू द्या. ती चूक नाहीये मी मशीनमध्ये परत घालते ती तिथे सगळ्यांनी मावशीच्या भुवईकडे बघायचं भुवई खाली येईपर्यंत थांबायचं मग कितीही वेळ लागू दे."

मध्ये श्वास घ्यायचा राहूनच गेला.

मग प्रमिला काकू हळूच म्हणाल्या, "अगं बाई... मशीन बोललं!"

जावांनी एकमेकींकडे बघितलं. थोरली उठून माझ्याजवळ आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ओशाळून म्हणाली, "सर्दी बरी झाली का गं तुझी?"

मावशी कुणाकडेच बघत नव्हती. पेटीचा भाता उगाच उघडत होती, मिटत होती.

*

उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी अभ्यासिकेसमोरचं पटांगण भरलं होतं. स्पीकर लछू अंकलचे होते आणि ते स्वतः पहिल्या रांगेत बसले होते. गाणं कोण म्हणणार हे तोपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. प्रमिला काकू वही छातीशी धरून माइकसमोर बसल्या होत्या आणि दर मिनिटाला पाणी पीत होत्या.

मावशी पेटीमागे बसली. तिनं माइक आपल्याकडे ओढून घेतला.

"सुटले गं बाई!" म्हणत काकू वही मिटून मागे सरकल्या. तेवढं माइकवर सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं.

मावशीनं काकांकडे बघितलं. भुवई वर, भुवई खाली. "माझ्या मायच्या हातात..." आवाज लहान होता. लोक ऐकायला पुढे झुकले. मी स्टेजखाली वायरींजवळ बसले होते, आणि मला फक्त ती एकच जागा दिसत होती, जवळ येत चाललेली.

"काडी-काडीचा उ..."

आवाज गेला.

भुवई वर होती. काकांचा हात ढोलकीच्या वर हवेत थांबला. तिघींचे ओठ मिटले. कुणी हललं नाही. मागच्या चहाच्या स्टोव्हचा आवाज ऐकू यायला लागला. पहिल्या रांगेत लछू अंकल बोटांवर मोजत होते, एक, दोन...

भुवई खाली आली.

"...जेड!"

पाचही जणांनी एकदम! मावशीचा "जे" किती वर गेला ते मला नीट कळलंच नाही, कारण लोक टाळ्या वाजवत होते. ती ओळ त्यांनी पुन्हा म्हणायला लावली, मग आणखी एकदा. दर वेळी ती फट वेगळ्या लांबीची होती, आणि दर वेळी सगळे बरोबर एकत्र उतरले.

कार्यक्रम संपल्यावर पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे शाहीर काठी टेकत स्टेजजवळ आले. बदलापूर गावात त्यांची जुनी पार्टी होती म्हणे. मावशीला म्हणाले, "पोरी, आम्ही उभा जन्म गाण्यात घालवला. पण ती उजेडाच्या आधीची थांबायची जागा कधी ऐकली नव्हती. कुणाकडून घेतलीस?"

मावशीनं तोंड उघडलं. आवाज आलाच नाही, त्या दिवसाचा संपला होता. ती हसली, पिशवीतून पाटी काढली, दोन वाक्यं लिहिली आणि त्यांच्यासमोर धरली. दुसऱ्या हातानं तिनं स्टेजखाली माझ्याकडे बोट दाखवलं.

शाहिरांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

"हिला विचारा. ही बोलते."